रेवा जेवली का?

४ ऑगस्ट, सोमवार

नोव्हेनाच्या हॉस्पिटलातून आत्ता आलो. रेवाच्या वजनाचा काटा मे महिन्यात होता तिथेच आहे. आठ किलोच्या जरासा वर. डॉक्टरबाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. बाकीच्या रेषा छान वर चढत गेलेल्या, रेवाची मध्येच आडवी झालेली. रक्त ठीक, दात ठीक, चालणं-बोलणं ठीक. मग जरा थांबून म्हणाल्या, ऑक्टोबरपर्यंत वाट बघू. तोवर वजन सरकलं नाही तर एक दिवस दाखल करून, भूल देऊन, घशातून कॅमेरा घालून बघावं लागेल.

वीस महिन्यांच्या मुलीला भूल.

मी समजूतदार बाईसारखी मान हलवली. बाहेर येऊन लिफ्टचं बटण दाबायचं विसरले. दोघी तशाच उभ्या. ती माझ्या गळ्यातल्या साखळीशी खेळत होती. इतक्या वर्षांच्या इंजेक्शनांनंतर, आम्ही दोघांनी आशा सोडून दिल्यावर, माझ्या त्रेचाळिसाव्या वर्षी ही आली. वेळेआधी आली, पण आली. एवढं मागून मागून घेतलेलं मूल, आणि मला तिला जेवू घालता येत नाही.

नवऱ्याचा, अभयचा, बोटीवरून मेसेज. रोजचाच. "रेवा जेवली का?"

उत्तर दिलेलं नाही अजून.


६ ऑगस्ट, बुधवार

आजची खिचडी: तांदूळ, मूगडाळ, मसूर, थोडी नाचणी, गाजर, दुधी, पालक, बीट. वर बदामाची पूड, दोन चमचे तूप. कुकर, मग मिक्सर. आहारात विविधता हवी म्हणतात. हिच्यात सगळं आहे. रंगाबद्दल न बोललेलं बरं.

भरवायला एक तास गेला. कॉरिडॉरमध्ये फेऱ्या, लिफ्टने खाली, लिफ्टने वर, ब्लॉकखालची मांजर, चिऊचा घास, काऊचा घास, बाबाच्या बोटीचा घास. पोटात चार चमचे गेले असतील. बाकी माझ्या कुर्त्यावर.

मध्येच ऑफिसची मीटिंग. एका हातात वाटी धरून "आऽ कर, मोठ्ठा आऽ" चाललं होतं. म्यूट केलं होतं असं मला वाटत होतं. केलं नव्हतं. चॅटमध्ये कोणीतरी लिहिलं, "ओपन बिग बिग!" अख्खी अकाउंट्स टीम हसली. मीही हसले. बरं वाटलं खरं.


९ ऑगस्ट, शनिवार

सासूबाई आल्या. इथला नॅशनल डे, डोक्यावरून लढाऊ विमानं घरघरत होती. टॅक्सीतून वर बघून म्हणाल्या, "माझ्यासाठी एवढं कशाला केलंत?" ड्रायव्हरला सांगितलं तेव्हा तोही हसला.

बॅगेतून निघालं ते: मेतकूट, कुळथाचं पीठ, आमसुलं, तांदळाची पिठी, आणि एका जुन्या साडीत गुंडाळलेलं घावनाचं बिडं. लोखंडाचा असला जड तवा चिपळूणपासून सिंगापूरपर्यंत वाहून आणला.

"आई, अडवलं नाही कोणी?"

"विचारलं एकाने, हे काय. म्हटलं, पॅन फॉर गॉड. सोडलंन्."

रेवाला बघून मात्र तिच्या मनगटाभोवती अंगठा आणि बोट धरून बघितलं, एवढंच. मी बघत नाहीये असं त्यांना वाटलं.


१२ ऑगस्ट, मंगळवार

आई कुकरमध्ये डोकावल्या. "अगो, हे गाईचं आंबोण आहे की काय?"

आधी हसले. मग टोचलं. म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय, सगळं पोटात जायला हवं.

"जायला हवं खरं. घाल हो, तुझी मुलगी आहे."

त्यांचं "तुझी मुलगी आहे" हे भांडण टाळायचं वाक्य आहे. पंधरा वर्षं ऐकतेय. उपयोग होतो.

रेवाची नवी सवय: घास तोंडातून काढून बोटाने उकलून बघते. पराठ्यात लपवलेलं पनीर सापडलं. वर काढलं, मला दाखवलं, खाली टाकलं. चांगी विमानतळावरचे कस्टमवाले हिच्याकडून शिकतील.


१८ ऑगस्ट, सोमवार

लिफ्टमध्ये शेजारच्या टॅन आंटी. रेवाच्या पोटरीला चिमटा काढून, "अय्यो, सो थिन लाह! यू फीड हर ऑर नॉट?"

हसले. घरी येऊन बाथरूमचा नळ सोडला आणि रडले.

आंटी वाईट नाहीत. रेवा काचेच्या पेटीत होती तेव्हा मी हॉस्पिटलातून रोज कशीबशी यायचे आणि दाराच्या कडीला गरम सुपाचा डबा अडकवलेला असायचा. बेल वाजवायच्या नाहीत, कारण मी झोपले असेन. ते विसरले तर माझ्यासारखी कृतघ्न मीच. पण आजचं वाक्य आतपर्यंत गेलं, कारण तेच मी रोज स्वतःला विचारते.

आईंना डोळ्यांवरून कळलं. काय म्हणाली ती, विचारत राहिल्या. शेवटी सांगितलं.

"मग सांगायचंस की. फीड करते, ती खात नाही. त्यात लाज कसली? तू काय चोरी केल्येस?"


२३ ऑगस्ट, शनिवार

आज हनुवटी धरली.

एका हाताने हनुवटी, एका हाताने चमचा. आई खाली भाजी आणायला गेल्या होत्या. ओकली सगळं. मग माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून झोपली, दुसरं कोण आहे तिला.

आता वाटी दिसली तरी मान फिरवते.


२७ ऑगस्ट, बुधवार

गणेश चतुर्थी. गणपती चिपळूणला, दिरांकडे. फोनवर आरती. रेवाने फोनलाच नमस्कार केला.

आई विचारात. आमच्याकडे खड्यांच्या गौरी. पाण्याच्या काठचे पाच खडे आणायचे, त्याच गौरी. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी गावच्या नदीवरून आणले होते. मग आम्ही इकडे आलो आणि ते दिरांच्या घरचं काम झालं.

"मी जिथे, तिथे गौरी आणते. इथे नदी कुठली?"

"समुद्र आहे, आई. मरीन परेडच्या आपल्या फ्लॅटवरून चालत जाता येतं."

"खारं पाणी..." विचार केला. "चालेल. आपलीच नदी वाहत वाहत येत असेल इथवर."

मी म्हटलं, तुम्हीच आणा खडे. सासरे गेल्यापासून त्या अशा गोष्टींत मागे राहतात. म्हटलं, इथे कोण बघतंय?

"कोणी बघत नाही म्हणून नाही. मला तुझ्या मागून घंटा वाजवत चालायचंय. माझ्या सासूबाई माझ्या मागून चालायच्या."




३१ ऑगस्ट, रविवार

आजचं सगळं लिहून ठेवते. रेवा आत बिडाच्या झाकणाशी खेळतेय, आवाजावरून समजतंय.

गौरी आणायचे आमच्याकडचे नियम: खडे घेतले की तोंडात पाण्याची चूळ धरायची. घरात येईपर्यंत बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. मागून एकीने घंटा वाजवायची. आईंनी सकाळपासून तीनदा बजावलं.

चार वाजता निघालो. मी नेसलेली, हातात ताम्हन. आई रेवाची स्ट्रोलर ढकलत, दांड्याला घंटा बांधलेली, मागच्या कप्प्यात पूजेची पिशवी. त्यांना गौरी घरात आल्याशिवाय जेवायचं नसतं, म्हणून चक्कर आली तर असावं असं एक उकडलेलं रताळंही पिशवीत.

बीचवर सगळी वाळू. खडे बांधाच्या बाजूला सापडले. आईंनी एकेक उलटून पालटून बघितला, लग्नाची मुलगी बघावी तसा. पाच ठरले. हळदकुंकू वाहिलं. माझ्या तोंडात पाणी. निघाले.

मागून घंटा. पुढून सायकली, कुत्री, जॉगिंगवाले. एका मुलाने स्वतःच्या आईला विचारलं, "मम्मी, आइस्क्रीम अंकल आह?" आइस्क्रीमवाल्याचीही घंटाच असते. हसू आलं आणि चूळ सुटता सुटता राहिली.

हायवेखालच्या भुयारी वाटेच्या वळणावर तो गोल आरसा आहे, समोरची सायकल दिसावी म्हणून लावलेला. मागे वळून बघायचं नाही, पण आरशात बघायचं नाही असं कोणी म्हटलं नव्हतं. बघितलं.

रेवाच्या हातात रताळं.

पिशवी उलट्या हाताने ओढली असणार. सालीसकट धरलेलं, दोन्ही हातांत, वरचं टोक गेलेलं. चावत होती. चावत होती! तिच्या हातात मी आजवर चावायला काय दिलं होतं?

मला ओरडायचं होतं. आई, साल काढा. आई, एवढा मोठा घास. रेवा, हळू. रेवा, शाब्बास. सगळी वाक्यं तोंडात आणि तोंडात पाणी. आई घंटेच्या नादात, त्यांचं लक्षच नाही. थांबले तर मागून सायकल. चालत राहिले. आरसा मागे गेला, आणि आता वळायचं नव्हतं.

पुढची सगळी वाट मी पाठीने ऐकत होते. घंटा, चाकांचा आवाज, आणि मध्ये मध्ये ओले मचमच आवाज. ठसका लागला तर नियम-बियम सोडून वळणार होते. लागला नाही.

लिफ्टपाशी टॅन आंटी. माझ्याशी बोलल्या, मी मान हलवली. परत बोलल्या. मी ताम्हन दाखवलं. मग आईंकडे वळून एकदम काळजीने, "यू टू क्वारल आह?"

आई म्हणाल्या, "नो नो. गॉड कमिंग. नो टॉक."

आंटींनी लगेच हात जोडले आणि लिफ्टचं दार धरून ठेवलं.

दारात आईंनी माझ्या पायांवर दूधपाणी घातलं, कुंकू लावलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. आत आले, खडे पाटावर ठेवले, चूळ तुळशीत सोडली आणि वळले. सालीचा चघळून टाकलेला चोथा रेवाच्या मांडीवर, गालाला पिवळं, हात रिकामे.

"आई, तिने रताळं खाल्लं. अख्खं."

"कुठलं? माझं?"

"तुमचं."

"मग मी काय खाऊ?" म्हणाल्या, आणि तिथेच दारात खाली बसल्या. हसत होत्या का रडत होत्या ते मी बघितलं नाही, कारण मीही तेच करत होते.

संध्याकाळी गौरींना भाजी-भाकरी. भाजीत पालक, अंबाडी नाही म्हणून चॉय सम ही चिनी पालेभाजी. रेवाने भाकरीचा पापुद्रा ओढून नेला आणि टेबलाखाली बसून खाल्ला.

एक रताळं. एक पापुद्रा. काटा यावर हलत नाही, मला समजतं. पण माझा आवाज नसताना माझं मूल जेवतं, हे मला आज समजलं, आणि का कोण जाणे, याचं वाईट वाटलं नाही.


१ सप्टेंबर, सोमवार

घावन-घाटले. अर्धा दिवस सुट्टी घेतली.

बिडावर घावन टाकताना आईंचा हात बघत राहावा. पीठ पातळ, वरून गोल फिरवून सोडायचं, जाळी आपोआप पडते. घाटल्याला नारळाचं दूध आणि गूळ. लिटिल इंडियातून आणलेल्या केळीच्या पानावर गौरींना वाढलं: डावीकडे लिंबू, चटणी, काकडीची कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये वरणभात, घावन. प्रत्येकाची जागा ठरलेली, एकाचा रस दुसऱ्यात नाही. आयुष्यभर असंच जेवले मी. आणि मुलीला सगळं एका भांड्यात वाटून दिलं.

रेवाला छोटं पान. तशीच वाढणी, चिमूट चिमूट. मी "बघ हं, हे काय..." म्हणणार तेवढ्यात आईंनी पाण्याचं भांडं पुढे केलं.

"घे. चूळ धर."

"आई!"

"धर म्हणते ना. गौरींच्या तोंडाला तू चमचा लावतेस का? पान मांडायचं, नमस्कार करायचा, बाजूला व्हायचं."

धरली. खरोखर, पंचेचाळिसाव्या वर्षी जेवणाच्या टेबलाशी गाल फुगवून बसले. रेवाने माझ्याकडे बघितलं, पानाकडे बघितलं. लिंबू चाटलं, तोंड वाकडं केलं, परत चाटलं. घावनाच्या जाळीतून बोट घातलं. फाडलं. घाटल्यात बुडवलं. खाल्लं. अर्ध्याच्या वर गेलं. कोशिंबीर जमिनीला.


२ सप्टेंबर, मंगळवार

खडे परत त्याच बांधाशी नेऊन ठेवले. आई म्हणाल्या, माहेरपण झालं, आता जाऊ दे. इथल्या नियमाने बीचवरची वस्तू घरी ठेवायची नाही हेही बरोबरच.


४ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी उकडलेलं गाजर, बोटाएवढे तुकडे, बाजूला दही. दोन तुकडे खाल्ले. मी न राहवून "शाब्बास माझी राणी! अजून एक घे, हा बाबाचा" म्हणाले.

संपलं. हात मागे. दुपारी नाही, संध्याकाळी नाही. फक्त दूध.

किती सवय आहे मला बोलायची. भीती बोलत असते, मी नाही.


५ सप्टेंबर, शुक्रवार

आईंना म्हटलं, मला भीती वाटते. न बोलता बसले आणि तिने खाल्लंच नाही तर? ऑक्टोबर येतोय.

आई शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "मलाही वाटते हो. म्हणून तर सोलत बसल्येय. हाताला काम दे."

त्यांनाही वाटत होती. मला वाटलं होतं मी एकटीच.


१० सप्टेंबर, बुधवार

मिक्सर वरच्या कपाटात.

या दिवसांत खाल्लेलं, जसं आठवेल तसं: मुगाचं धिरडं, कडा कुरकुरीत असल्या तरच. लाल भोपळ्याचे घारगे, गूळ कमी घातला तरी चालतात. टोफूचे चौकोन तूप-जिऱ्यावर परतून, हे आईंनाही आवडलं, "बिनचवीचं पनीर" म्हणत तीनदा घेतलं. मेतकूट-भात, मऊ पण वाटलेला नाही. पिकलेली पपई. नाचणीची भाकरी ताकात कुस्करून. वालीच्या शेंगा मऊ शिजवून, शेंगदाण्याचं कूट लावून. केळं, स्वतः सोललेलं असेल तर. इडली आणि घट्ट वरण, एकमेकांपासून लांब.

न खाल्लेलं: पालक, कुठल्याही रूपात. बीट. परवा आवडलेलं धिरडं आज.

आईंचा नियम: ताटात तीन गोष्टी, त्यातली एक ओळखीची. लपवायचं काही नाही. पोट भरलं की ताट उचलायचं, तोंड पाडायचं नाही. तोंड पाडायचं नाही हे सगळ्यात कठीण.

मी आणि आई तिच्यासोबतच जेवतो आता. याआधी मी कधी जेवायचे? आठवेना.


१४ सप्टेंबर, रविवार

अभयचा व्हिडिओ कॉल. रेंज बरी होती. पहिलं वाक्य तेच.

म्हटलं, "आजपासून हे विचारू नकोस. काय खेळली विचार, कुठे पडली विचार."

म्हणाला, "मला इथून दुसरं काय करता येतं? इंजिन रूममध्ये असतो आणि हेच डोक्यात असतं." त्याचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. चीफ इंजिनिअर आहे, खालच्या पोरांवर ओरडताना ऐकलंय.

मग, "बरं. तू जेवलीस का?"

कित्येक महिन्यांत मला कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यानेही विचारलं नव्हतं, हे दोघांनाही एकदमच समजलं.

आई मागून ओरडल्या, "जेवली! मी घातलं! दोन घावनं जास्त खाल्लीन्!"


२१ सप्टेंबर, रविवार

आई गेल्या. उद्या घट बसतात, घरी पोचायला हवं.

बिडं ठेवून गेल्या. मी म्हटलं, तुमच्या सासूबाईंचं ना? "मग? तुझ्याकडे राहिलं तर परक्याकडे गेलं का?"

विमानतळावर एकही सूचना नाही. रेवाचा हात हातात घेतला, परत ते मनगट, अंगठा आणि बोट. या वेळी मी बघत होते हे त्यांना माहीत होतं.   बोट थोडं कमी पुरलं असं मला वाटलं. वाटू दे.

घरात फार शांत आहे. देवापुढे उदबत्ती लावली. सरळ आभार मानले, काही न मागता. बऱ्याच काळाने.


२८ सप्टेंबर, रविवार

ताप. सर्दी. दोन दिवस दुधावर. अपॉइंटमेंट आठवड्यावर आणि आत्ताच हे व्हायचं होतं. जेवढं चढलं असेल तेवढं उतरलं असणार.

काल संध्याकाळी कळत-नकळत मिक्सर काढायला स्टुलावर चढले. उतरले परत.

आज सकाळी बेल. टॅन आंटी, हातात पातेलं. "पॉरिज. नो मीट, नो फिश, नो एग. यू व्हेजिटेरियन, आय रिमेंबर." मग दबक्या आवाजात, "दॅट डे इन द लिफ्ट, आय टॉक टू मच लाह."

त्यांच्या लक्षात होतं. मी त्यांना आत घेतलं आणि सांगितलं सगळं. कॅमेऱ्याचं, भुलीचं, सगळं. आंटी ऐकत राहिल्या. त्यांचा धाकटा असाच होता म्हणाल्या, फक्त वाफवलेला भोपळा खायचा, "नाऊ नायंटी किलो, कॅनॉट स्टॉप."

रेवा त्यांच्या पायाशी बसून पॉरिजमधला भात बोटाने वेचत होती. थोडा खाल्ला. थोडा आंटींच्या चपलेला.


३ ऑक्टोबर, शुक्रवार

ताप गेला. भूक आलीय का? आज एक इडली. काल अर्धी.

मोजायचं नाही ठरवलं होतं.


६ ऑक्टोबर, सोमवार

नोव्हेना.

डब्यात भोपळ्याचे घारगे नेले होते, वाट बघावी लागते म्हणून. रेवाचं नाव पुकारलं तेव्हा एक तिच्या हातात, अर्धा खाल्लेला. नर्सने कपडे काढले, बूट काढले, काट्यावर बसवलं आणि हातातला घारगा मागितला. रेवा सोडेना. नर्सने ओढला, हिने किंचाळून हॉस्पिटल डोक्यावर घेतलं. नर्स हसत म्हणाली, "नेव्हर माइंड, होल्ड, होल्ड. मम्मी, हाऊ हेवी युवर केक?"

मला उत्तर द्यायचं होतं, आकडा दिसेना. डोळे भरले होते.

डॉक्टरबाईंनी स्क्रीन वळवली. आडव्या रेषेच्या टोकाला एक छोटासा तुकडा, वर वळलेला. फार नाही. त्यांना अपेक्षित होतं तेवढं नाही. पण ताप येऊन गेलेला असताना वर आहे, म्हणाल्या. कॅमेऱ्याचं आज ठरवत नाही, रद्दही करत नाही. जानेवारीत या. काय बदललंत, विचारलं. मी सांगायला सुरुवात केली, समुद्र, खडे, घंटा. मग थांबून म्हटलं, ती आता आमच्याबरोबर जेवते. त्यांनी तेवढं टाइप केलं.

जानेवारी. म्हणजे भीती आहेच. तरीही लिफ्टचं बटण या वेळी रेवाने दाबलं, सगळ्या मजल्यांची दाबली.

एमआरटी मेट्रोत बसलो. दारं बंद झाली आणि रेवाने माझ्या पर्सकडे हात केला. "घागा." घारगा. मी म्हटलं, घरी गेल्यावर. "घागा!" पर्सची चेन ओढायला लागली. समोरच खायला बंदी असलेली पाटी, दंडासकट. म्हटलं, नाही राणी, इथे नाही खायचं. रडायला लागली, मोठ्याने, अगदी भुकेने रडतात तसं, सगळा डबा आमच्याकडे बघायला लागला. एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे रागाने बघत होते, मुलीला उपाशी ठेवलंय म्हणून.

आणि मी. माझी मुलगी खायला मागत होती आणि मी नाही म्हणत होते. असा दिवस मी कधी बघेन असं वाटलं नव्हतं. हसू येत होतं आणि पर्स दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

पुढच्याच स्टेशनला उतरले. न्यूटन. तिकिटाच्या गेटबाहेर, जिने चढून वर, उन्हात, पहिल्या दिसलेल्या कट्ट्यावर बसलो. डबा उघडला. एक खाल्ला. दुसरा खाल्ला, मध्ये मला एक तुकडा दिला, परत घेतला. उरलेले चुरे बोट ओलं करून टिपले. डबा उलटा करून आत बघितलं.

"अजून."

काही नव्हतं. मी एवढेच आणले होते, कारण एवढे तरी कोण खाणार, असं सकाळी वाटलं होतं.

तिला कडेवर घेतलं. रस्त्यापलीकडे खाण्याच्या टपऱ्यांचं हॉकर सेंटर दिसत होतं. काय मिळतंय ते बघायला दोघी निघालो.